तळहातावरचा नवसागर

आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्ञान दोन ठिकाणी होतं. एक पुस्तकांच्या कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली पहिल्याच वर्षी हरवली होती. दुसरं गोटीरामकडे. तो आमचा परिचर, म्हणजे कागदोपत्री परखनळ्या धुणारा माणूस.

१९७९ च्या जूनमध्ये वाशीतल्या त्या नव्या कनिष्ठ महाविद्यालयात मी रुजू झाले, तेव्हा भिंतींना रंग लागायचा होता. खिडकीतून पाहिलं की खाडीपर्यंत चिखल आणि अर्धवट उभ्या इमारती, एवढंच. मी दादरहून नवऱ्याच्या बदलीपायी तिथे आलेली, आणि त्या गावाविषयी माझ्या मनात रागच होता. गोटीराम शिरवण्याचा. त्याच्या घरची भातशेती आणि एक मिठागर नव्या शहरासाठी सरकारने घेतलं होतं, आणि त्या दाखल्यावर त्याला ही नोकरी मिळाली होती. मी चिडलेली आणि तो गप्प, त्यामुळे आमचं छान जमलं.

बारावीच्या प्रात्यक्षिकात मुलांना एक पूड देतात. तिला सगळे सॉल्टच म्हणतात. त्या पुडीत दोन भाग असतात, एक धन आयन आणि एक ऋण आयन, आणि ते कोणते हे मुलाने शोधायचं. थोडी पूड परखनळीत तापवायची, आम्लं घालायची, वायू येतो का, तळाशी गाळासारखा साका बसतो का, रंग कोणता, हे बघत एकेक शक्यता खोडत जायचं. पोरं तासभर घाम गाळून जे शोधायची ते गोटीराम उभ्या उभ्या सांगायचा. लहानपणापासून मिठात वावरलेला माणूस. कण कसा चमकतो, बोटांत कसा चुरतो, ओल कशी धरतो, यावरून त्याला अर्धं कळायचं. उरलेलं तो जिभेवर ठेवून बघायचा.

जीभ मी बंद केली. पहिल्याच वर्षी तो बेरियम क्लोराइडच्या बाटलीत बोट घालताना मला दिसला आणि मी त्याच्यावर अशी ओरडले की वर्गातली पोरं दाराशी जमली. ते विष आहे, बायकोपोरांचा विचार करा, वगैरे. त्याने बोट एप्रनला पुसलं आणि म्हणाला की पुन्हा नाही चाखणार, बाईंची आन. ती आन त्याने पाळली. इतकी पाळायला नको होती असं आता वाटतं, पण आता वाटून काय उपयोग.

मग त्याने दुसरी युक्ती काढली. त्याच्या खिशात तंबाखूची पिशवी आणि चुन्याची डबी असायची. पांढऱ्या पुडीत अमोनियम आहे की नाही हे पाहायला तो चिमूटभर पूड तळहातावर घ्यायचा, नखाएवढा चुना लावायचा, थेंबभर पाणी टाकून अंगठ्याने मळायचा आणि हात नाकाशी न्यायचा. अमोनियम असलं की चुन्याने अमोनिया सुटतो, मुतारीसारखा उग्र वास येतो. हे पुस्तकातलंच आहे, फक्त पुस्तकात तळहात नसतो. तो अमोनियम क्लोराइडला नवसागर म्हणायचा, कारण गावात कल्हईवाला यायचा तेव्हा भांड्यावर तोच टाकायचा, आणि तो धूर त्याला ओळखीचा होता. पोरं त्याच्या हाताला टेस्ट ट्यूब नंबर एकवीस म्हणायची, कारण रॅकमध्ये वीसच नळ्या होत्या.

आणखी एक गोष्ट. प्रयोगशाळेतला परिचर परीक्षेच्या दिवशी पोरांना खुणा करतो, ही सगळीकडची रीत आहे. कानाला हात लावला की तांबं, टेबल पुसलं की शिसं, असलं काही. त्याचा चहा-वडापाव मिळतो. गोटीरामने सात वर्षांत एकदाही खूण केली नाही. वडापाव पुढे केला तर खायचा आणि तरीही खूण करायचा नाही, म्हणून पोरं त्याला शिव्या घालायची. मी एकदा सहज विचारलं, तर म्हणाला की मिठात माती मिसळलेलं त्याच्या बापालाही खपायचं नाही.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण ते टाळून पुढे जाता येणार नाही. धन आयनांच्या दुसऱ्या गटासाठी हायड्रोजन सल्फाइड लागतो. सडक्या अंड्याच्या वासाचा तो वायू. किप साहेबाच्या उपकरणात तो तयार करायचा आणि मुलं नळ्या घेऊन आली की एकेकाच्या नळीत सोडायचा. हे काम धुराच्या कपाटात व्हायला हवं, आणि त्या कपाटाला वायू बाहेर ओढणारा पंखा हवा. आमच्याकडे कपाट होतं, पंखाही होता, पण तो पहिल्या दिवसापासून फिरला नाही. दर वर्षी तपासणीचा कागद यायचा, त्यावर ‘पंखा चालू स्थितीत’ असा रकाना होता, आणि त्यापुढे माझी सही आहे. सात सह्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज चार-पाच तास गोटीराम त्या उपकरणाशेजारी स्टुलावर बसायचा. मी फळ्यापाशी मुलांना शिकवायची की या वायूची खरी भीती अशी की तो आधी नाकच बधिर करतो, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं वायू गेला. हे मी दर वर्षी शिकवलं. तो स्टुलावर बसून दर वर्षी ऐकायचा.

त्याची थोरली मुलगी वैशाली आमच्याकडेच अकरावीला आली. शिरवण्यातून विज्ञान शाखेला आलेली ती पहिली मुलगी असावी, निदान गोटीराम तसं सांगायचा. सावळी, उंच, कमी बोलणारी, बापासारखीच बोटांनी शहाणी. तिला मुंबईतल्या एका इस्पितळाचा लॅब टेक्निशियनचा अभ्यासक्रम करायचा होता. रक्त-लघवी तपासायची, पांढरा कोट घालायचा, पगार घ्यायचा. तिथे जागा वीस, आणि प्रवेश बारावीच्या शास्त्र विषयांच्या गुणांवर, प्रात्यक्षिक धरून. लेखी परीक्षेत ती मध्यम होती, पण प्रात्यक्षिकात तिला कोणी हरवत नव्हतं. सगळा हिशेब तिने प्रात्यक्षिकावरच बांधला होता. गोटीराम मला म्हणाला होता की पोरीचं एवढं झालं की मिठागर गेल्याचं त्याला काही वाटणार नाही. त्याने मिठागराचं नाव माझ्यासमोर घेतलं ते तेवढंच.

१९८६ च्या फेब्रुवारीत, परीक्षेच्या तीन दिवस आधी, तो माझ्या टेबलाशी आला. मी जर्नलं तपासत होते, ऐंशी जर्नलं, प्रत्येकात तेच साके आणि त्याच चुका. पांढऱ्या पुडीच्या एका बाटलीचं लेबल कसर लागून गेलंय, म्हणाला. परीक्षेला ती बाटली लागणार होती. मी मान वर न करता सांगितलं की तुमच्याइतकं कोणाला कळतंय, तुम्हीच बघा. तो लगेच गेला नाही. क्षणभर उभा राहिला, काहीतरी सांगायला तोंड उघडल्यासारखं मला वाटलं, आणि मी पुढचं जर्नल ओढलं. मग तो गेला.

पुढचं मला नंतर समजलं, पण इथेच सांगते. त्याने पूड पाण्यात विरघळवली, सिल्व्हर नायट्रेट घातलं. दह्यासारखा पांढरा साका, म्हणजे क्लोराइड. तिथे तो चुकला नाही. मग तळहातावर घेऊन चुना मळला. वास आला नाही. वास नाही म्हणजे अमोनियम नाही. मग कोबाल्टिनायट्राइट घातलं, पिवळा साका आला, म्हणजे पोटॅशियम. त्याने सुंदर अक्षरात ‘पोटॅशियम क्लोराइड’ असं लेबल लिहून चिकटवलं. पोटॅशियमने ज्योत जांभळट होते, पण ती ज्योतीची परीक्षा त्याने केली नाही. ती त्याला कधीच पटली नव्हती. मीठ सगळ्यांच्याच बोटांना असतं आणि ज्योत कशानेही पिवळी होते, म्हणायचा. अमोनिया लागला की निळे होणारे लिटमस कागद माझ्या कपाटात कुलपात होते आणि ते मागायला त्याला पुन्हा माझ्या टेबलाशी यावं लागलं असतं.

अमोनियमही तसाच पिवळा साका देतो. म्हणून तर आधी वास बघायचा, अमोनियम नाही याची खात्री करायची आणि मगच पोटॅशियमकडे वळायचं. हे गोटीरामला पाठ होतं. चुकला तो क्रमात नाही. त्याला दोन वर्षांपासून वासच येत नव्हता, आणि हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. आधी सर्दी वाटली. मग घरात मासळी उतरलेली कळेना, बायको सगुणा चिडायला लागली. मग त्याला समजलं, आणि भीती वाटली. प्रयोगशाळेत नाक नसलेला माणूस कशाला ठेवतील. वर्गात पाणी भरायला लावतील, नाहीतर तेही नाही.

परीक्षेच्या सकाळी ठाण्याहून बाहेरचे परीक्षक आले. मध्यम वयाचे, शिस्तीचे, चहा नको म्हणणारे. वीस मुलांनी चिठ्ठ्या उचलल्या. सात नंबरचं सॉल्ट चार जणांना आलं, त्यातली एक वैशाली. उत्तरांची यादी माझ्याकडे आणि परीक्षकांकडे होती. सातसमोर पोटॅशियम क्लोराइड. बाटल्या भरणाऱ्या गोटीरामला ती तोंडपाठ होती.

वैशालीने पद्धतशीर सुरुवात केली. मी खिडकीशी उभी होते. तिने पूड सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर उकळली, तोंड मागे घेतलं, डोळे पुसले, लिटमस धरला, आणि पेपरात लिहिलं. गोटीराम धुतलेल्या नळ्यांचा रॅक घेऊन तिच्या मागून जात होता. त्याने पेपर पाहिला. त्यावर अमोनियम होतं.

तो पुढे गेला, रॅक ठेवला. दोन मिनिटं नळाशी उभा राहिला. मग शेल्फवरून कोबाल्टिनायट्राइटची तपकिरी बाटली उचलली, वैशालीच्या टेबलावर तिच्या उजव्या हाताशी ठेवली, आणि निघून गेला. बोलला नाही, बघितलंही नाही. सात वर्षांत केलेली पहिली खूण.

मी ती पाहिली. माझ्याही डोक्यात पोटॅशियमच होतं, त्यामुळे मला वाटलं की पोर चुकली होती आणि बाप सावरतोय. मी खिडकीबाहेर बघायला लागले. कांदा-बटाट्याच्या मार्केटकडे ट्रक वळत होते, ते मोजले. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं.

वैशाली बाटलीकडे बघत राहिली. मग तिने नवी नळी घेतली, थेंब टाकले. पिवळा साका आला. तिने पेपरातला अमोनियम आडव्या रेघेने खोडला आणि खाली पोटॅशियम लिहिलं.

पेपर गोळा झाले. परीक्षक सात नंबरचे चार पेपर शेजारी ठेवून थबकले. तिघांनी अमोनियम लिहिलं होतं. तिघं एकाच चुकीवर कसे येतात, त्यांनी मला विचारलं. मग स्वतः उठले, सात नंबरच्या बाटलीतली पूड घेतली, अल्कली घालून उकळली. वर्गभर उग्र वास पसरला. मुलं अजून सामान आवरत होती. परीक्षकांनी गोटीरामला बोलावलं, गरम नळी त्याच्या नाकाखाली धरली आणि हे लेबल तूच लावलंस ना, असं विचारलं. तो हो म्हणाला.

“मग हा वास कसला?”

गोटीरामने नळीवर वाकून पूर्ण श्वास घेतला. नाक शाबूत असलेला माणूस तसा श्वास घेत नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“झोंबतंय, सायेब,” तो म्हणाला. “वास नाय येत.”

परीक्षकांनी नळी खाली घेतली. ते वाईट माणूस नव्हते. वैशाली दाराजवळ जर्नल छातीशी धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. गोटीरामने एप्रनने डोळे पुसले, नळी त्यांच्या हातातून घेतली आणि धुवायला नेली.

यादी दुरुस्त झाली. तिघांना पूर्ण गुण मिळाले. वैशालीच्या पेपरावर बरोबर उत्तर होतं, फक्त त्यावर रेघ होती. मी परीक्षकांना म्हटलं की मुलीने आधी बरोबर ओळखलं होतं, निरीक्षणं बरोबर आहेत. ते म्हणाले, खोडलेलं मी वाचत नाही, बाई, आणि बरोबर उत्तर खोडायचं कारण काय? कारण मला माहीत होतं. ते सांगितलं असतं तर गोटीरामची नोकरी गेली असती आणि वैशालीची अख्खी परीक्षा रद्द झाली असती. मी म्हटलं, माहीत नाही. आणि सही केली. सह्या करण्यात माझा हात बसलेलाच होता.

जूनमध्ये निकाल लागला. इस्पितळाच्या यादीत शेवटचं नाव लागलं त्याच्यापेक्षा वैशालीला दोन गुण कमी होते. सॉल्टचे सहा गेले होते. औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायच्या कामावर ती जुलैपासून जायला लागली.

गोटीराम कामावर येत राहिला. मी किपचं उपकरण त्याच्याकडून काढून घेतलं, पंख्यासाठी अर्ज केला, आणि पंखा दीड महिन्यात बसला. एवढंच काम होतं ते. सात वर्षांचं. पंखा फिरायला लागला त्या दिवशी तो खाली उभा राहून बघत होता. मी त्याला काहीतरी म्हणणार होते, माफीसारखं. पण आत शोधलं तर काही सापडेना, राग नाही, रडू नाही, नुसती कोरडी जागा. तोही तसाच दिसत होता. तो म्हणाला, हवा चांगली लागते, आणि नळ्या आवरायला गेला. वर्षभर आम्ही दोघं असेच बोललो. परखनळ्या किती, फिनॉल संपलं, उद्या बॅच दुसरी.

पुढच्या फेब्रुवारीत परीक्षेच्या आठवड्यात तो दोन दिवस रजेवर गेला आणि सॉल्टच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडेच राहिली. मी चरफडत बस पकडली, ठाणे-बेलापूर रस्त्यावर शिरवण्याला उतरले आणि विचारत विचारत त्याच्या घरी गेले. दुपारचे चार वाजले असतील. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर कागदाच्या पुड्या, वीसेक, ओळीने. आमच्या कपाटातल्या प्रत्येक पांढऱ्या बाटलीतली एकेक चिमूट. गोटीराम मांडी घालून बसला होता. समोर वैशाली, कारखान्याची साप्ताहिक सुट्टी म्हणून घरी.

मी फाटकाशीच थांबले. त्याने एक पुडी उघडली, तळहातावर घेतली, चुना लावला, मळलं. आणि हात आधी स्वतःच्या नाकाशी नेला. क्षणभर तसाच धरला. मग पुढे केला. वैशाली वाकली, वास घेतला, नाही म्हणून मान हलवली. त्याने पुडीवर फुली मारली आणि हात पाण्याच्या तांब्यात बुडवला. पुढची पुडी. पुन्हा आधी स्वतःचं नाक, मग तिचं. असं त्याने प्रत्येक पुडीला केलं.

मला पाहिल्यावर दोघं उठली. तो किल्ली आणायला आत गेला. वैशालीने मला बसायला पाट दिला. वर्षभर अडलेला प्रश्न मी तेव्हा विचारला, हळू आवाजात. त्या दिवशी तुला वास आला होता ना?

“आलावता, बाई. डोळ्यांतना पानी येवस्तंवर आलावता.”

मग का खोडलंस, असं मी विचारलं. बाटली ठेवली म्हणून? बाबा रागावतील म्हणून?

तिने पुड्यांकडे पाहिलं. “नाय वो. बाबाचा हात कवा चुकलाय? मना वाटला, माजाच नाक चुकला.”

आत भांड्याचा आवाज थांबला. गोटीराम किल्ली हातात घेऊन उंबऱ्यावर उभा होता. त्याने ऐकलं होतं. त्याने किल्ली माझ्याकडे दिली, ओट्यावर बसला आणि शेवटची पुडी उघडली. चिमूट तळहातावर घेतली, चुना लावला, बराच वेळ मळत राहिला. या वेळी त्याने हात स्वतःच्या नाकाशी नेला नाही. सरळ पोरीपुढे धरला.

“तू सांग,” तो म्हणाला. “तू सांगशील ता मी ल्हिन.”

वैशाली वाकली. तिने वास घेतला आणि त्याचा हात सोडला नाही, तसाच धरून ठेवला. नवसागर, बाबा, ती म्हणाली. त्याने डाव्या हाताने पेन्सिल उचलली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत पुडीवर लिहिलं.